ठेव म्हणेपर्यंत

मी एक बरणी बोलतेय. बरणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातलं फडताळ आलं असेल. आज मी खरोखरच फडताळात आहे, तेव्हा तुमचं काही चुकलं नाही. पण माझा जन्म गेला तो टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटरीच्या खोलीत. जाड काचेची, चौकोनी, गुडघ्याएवढी उंच अशी मी. पोटात शिशाच्या पट्ट्या आणि त्या बुडतील इतकं तेजाबाचं पाणी. झाकण उघडलं की नाकाला झिणझिण्या आणणारा वास. तो वास मला कधी आला नाही. आपल्या अंगाचा वास आपल्याला कुठे येतो?

आम्ही चोवीस बहिणी होतो. लाकडी मांडणीवर दोन ओळींत उभ्या, एकीचा हात दुसरीच्या हातात दिलेला, तोही शिशाच्या जाड पट्टीनं बांधून. ‘एका माळेचे मणी’ असं लोक टोमणा म्हणून म्हणतात. आम्ही मात्र अक्षरशः तशाच होतो. एकीतून निघालेली वीज सगळ्यांच्या पोटातून जायची, म्हणून एकीचं दुखणं तेवीस जणींना कळायचं. माझा नंबर सतरा. पांढऱ्या रंगानं काचेवर लिहिलेला तो आकडा अजून अर्धा शिल्लक आहे.

आमचं काम काय, ते थोडक्यात सांगते. तुम्ही घरी रिसीव्हर उचलायचात आणि कानात एकसुरी आवाज यायचा, तो तुमच्या घरच्या विजेवर नाही, आमच्या विजेवर. एक्स्चेंजमधून निघालेली वीज तारेनं तुमच्या दारी यायची, तुमचा आवाज घेऊन परत फिरायची. म्हणून तर घरातले दिवे गेले तरी फोन चालायचा. लोकांना त्याचं फार कौतुक. ‘लाइट नाही पण फोन आहे बघ,’ म्हणायचे. असं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. चालू असलेल्या गोष्टीची चौकशी करायची पद्धत नसते.

एरवी शहराची वीज असली की शेजारच्या खोलीतला चार्जर सगळा भार उचलायचा, वर आमचंही पोट भरलेलं ठेवायचा. आम्ही त्याच्या जोडीला नुसत्या उभ्या. त्यामुळे नव्यानं आलेला प्रत्येक माणूस खोलीत डोकावून विचारायचा, “ह्या करतात काय दिवसभर?” ह्या प्रश्नाचं उत्तर वादळाशिवाय देता येत नाही, आणि वादळात उत्तर ऐकायला कुणाला वेळ नसतो. वेळेसाठी बाजूला ठेवलेल्या वस्तूचं असंच असतं. आमच्या खोलीच्या दारावर कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं: ‘ठेव.’ थट्टेनं लिहिलं असेल, पण मला ते आवडायचं. ठेव म्हणजे अडीनडीला मोडायची वस्तू. मी तीच होते.

आमची काळजी घ्यायला एकच माणूस होता. बॅटरीतलं पाणी हळूहळू उडून जातं. शुद्ध पाण्याचा डबा आणि नरसाळं घेऊन तो एकेकीला हवं तेवढं पाणी पाजायचा, जोडांवर चढलेली हिरवट पांढरी बुरशी पुसायचा, मग वर ग्रीस लावायचा. ह्या पाणी पाजण्यावरून अख्ख्या एक्स्चेंजनं त्याचं नाव पाणक्या पाडलं. पुढे ते इतकं रुळलं की नवी माणसं ते त्याचं आडनावच समजून “अहो पाणके” अशी हाक मारू लागली. त्यानंही कधी दुरुस्त केलं नाही. त्याचे वडील नावाडी. पूल व्हायच्या आधी नदीवर त्यांची नाव चालायची. बाप पाण्यावर आणि मुलगा पाण्यात, पण दोघांचं पोट पाण्यानंच भरलं, असं एक्स्चेंजमध्ये चहाच्या वेळी ठरलेलं वाक्य होतं.

नावाडी बाबांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी नवी होते तेव्हा वरच्या मजल्यावर बायका बसायच्या. कुणी फोन उचलला की त्यांच्यासमोर दिवा लागायचा, त्या “कोणता नंबर?” विचारून दोरी खुपसायच्या आणि फोन जोडायच्या. बाई दुसरीकडे गुंतल्या असतील तर लोक रिसीव्हरचा खटका दोनचारदा खाली दाबायचे. इकडे दिवा लुकलुकायचा आणि बाईंचं लक्ष जायचं. मग चकती फिरवून आपला आपण नंबर लावायचे फोन आले. बायका गेल्या, दोऱ्या गेल्या. सगळं शहर बोटानं चकती फिरवायला शिकलं. नावाडी बाबा शिकले नाहीत.

ते आपले रिसीव्हर उचलायचे आणि खटखट करायचे. चकतीच्या फोनला खटखट म्हणजेही आकडाच वाटतो, त्यामुळे क्वचित भलतीकडेच लागायचा, एकदा तर बंबवाल्यांना लागला आणि बाबांनी त्यांनाच विचारलं, “आमचा मुलगा आहे का तिथं?” पण बहुतेक वेळा कुठेच लागायचा नाही. मग थोड्या वेळानं तक्रारींच्या टेबलावर त्यांच्या लाइनीचा तांबडा दिवा लागायचा. रिसीव्हर नीट न ठेवलेल्या लाइनी कळाव्यात म्हणून ते दिवे होते. त्या टेबलावर मोठ्या बाई बसायच्या. पूर्वी दोऱ्या खुपसणाऱ्यांत त्या सगळ्यांत लहान होत्या, आता केसांत चांदी आलेली. त्या दिवा बघून कपाळावर सरकवलेला चष्मा खाली घ्यायच्या, लाइनीत शिरायच्या आणि जुन्या सवयीनं विचारायच्या, “बोला काका, कोणता नंबर?”

“नंबर कसला, आमच्या पोराला द्या.”

मग बाई बॅटरीच्या खोलीत फोन लावायच्या. भिंतीवरचा तो काळा फोन माझ्या अगदी जवळ होता. “पाणके, तुमच्या बाबांचा दिवा लागला,” असं म्हणून त्या हसायच्या. हे रोज दुपारी व्हायचं. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, पण ह्या नियमबाह्य कामाबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही.

बापलेकाचं बोलणं काय असायचं? जेवलास का, जेवलो. पाणी किती आहे नदीला, आहे बेताचं. एवढंच. माझ्यातून जाणाऱ्या विजेत त्यांच्या आवाजाची थरथर असायची, म्हणून सांगते, त्या दोन वाक्यांत जेवढी माया होती तेवढी मी प्रेमी जीवांच्या तासभराच्या कुजबुजीतही पाहिली नाही. शेवटी पाणक्या म्हणायचा, “बरं बाबा, ठेवू का?” बाबा म्हणायचे, “ठेव.” पण स्वतः कधी आधी ठेवायचे नाहीत. मुलाचा फोन खाली गेल्याचा आवाज ऐकून, वर आणखी थोडं थांबून, मग त्यांचा रिसीव्हर जागेवर जायचा. त्यांच्या आईकडून आलेली सवय असावी; पाहुणा वळणाआड होईतो दारात उभं राहायची काही घरांत रीत असते, तसं.

आता वादळाचं.

त्या दिवशी सकाळीच शहराची वीज गेली. असं व्हायचं, म्हणून आवारात एक जनित्र होतं. डिझेलवर चालणारं, धूर ओकणारं, आवाज असा की शेजारच्या इमारतीतल्या खिडक्या थरथराव्यात. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. वीज गेली की पैलवान सुरू व्हायचा, आणि तो सुरू होईपर्यंतच्या मधल्या वेळात आम्ही भार उचलायचो. श्रेय अर्थातच पैलवानाला. जो ओरडतो तो काम करतो, असं माणसांना वाटतं.

दुपारपर्यंत पैलवान चालला. मग आवारात पाणी चढलं. त्याची खोली सखल भागात होती. बांधणाऱ्यानं ती तिथं का बांधली, ते तोच जाणे. पैलवान दोनदा खोकला आणि गप्प झाला. गर्जेल तो पडेल काय, ही म्हण मी त्या दिवशी नीट समजून घेतली. चार्जर बंद पडला, त्याची रोजची घुरघुर थांबली, आणि आमच्या खोलीत इतकी शांतता झाली की पाणक्याला स्वतःचा श्वास ऐकू आला असेल. त्यानं मांडणीवर हात ठेवला आणि म्हणाला, “चला बायांनो, आता तुमच्यावर आलंय.”

आम्ही भरलेल्या होतो. साधा दिवस असता तर सहज निभावलं असतं. पण वादळात माणसं काय करतात, ठाऊक आहे? घरोघरी एकजण दुसऱ्याला सांगतो, “फोन चालू आहे का बघ रे.” दुसरा उचलतो, ऐकतो, “आहे,” म्हणतो, ठेवतो. थोड्या वेळानं तिसरा बघतो. बोलायचं कुणालाच नसतं, धीर हवा असतो. पण प्रत्येक उचलण्याला आमच्यातलं थोडं थोडं जातं. फोन जिवंत आहे ना, हे बघून बघूनच शहर फोनचा जीव घेत होतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. अंधारात माणूस शेजारी झोपलेल्याच्या अंगावर हात टाकून बघतोच.

साहेब खाली आले. तरुण, नव्यानं बदलून आलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांनी विजेच्या मापकाचा काटा बघितला.

“पाणके, असंच चाललं तर सकाळपर्यंत पुरणार नाही. दुसरं जनित्र ट्रकवर निघालंय, पण रस्त्यात झाडं पडलीयेत. सकाळ धरून चला.”

“मग घरांच्या लाइनी काढाव्या लागतील, साहेब.”

“दवाखाना, बंबवाले आणि नदीची चौकी, ह्यांना काही झालं तरी बंद पडू द्यायचं नाही. बाकी एकेक करून काढू.” मग म्हणाले, “नदीपलीकडची गल्ली शेवटी. बाई आधी त्या सगळ्यांना फोन करून वर जायला सांगतायत. पाणी वाढतंय.”

नदीपलीकडच्या गल्लीत, तळमजल्यावर, नावाडी बाबा एकटे राहायचे. वर शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी राहायच्या, त्यांच्याकडे फोन नव्हता. पूल दुपारीच बंद केलेला, त्यामुळे पाणक्याला जाणं शक्य नव्हतं.

वरून मोठ्या बाईंचा फोन आला. आवाजात आज हसू नव्हतं. “पाणके, गल्लीतले सगळे वर गेले. तुमचे बाबा ऐकत नाहीयेत. मी दोनदा सांगितलं. तुम्हीच बोला.”

पाणक्यानं काळा रिसीव्हर कानाला लावला.

“बाबा, पाणी कुठवर आलंय?”

“पायरीला आहे. पायरीला येतं आणि वळतं. नदी मला शिकवू नकोस.”

“आज नाही वळणार. वरून पाणी सोडलंय. तुम्ही वर वहिनींकडे जा.”

“जातो की. बघू.”

“बघू नाही, आत्ता जा.”

 बाबांची ती थरथर माझ्यातून गेली, म्हणून त्यांचे शब्द मला नीट आठवतात. “अरे, वर फोनची तार पोचत नाही. तू विचारायला फोन करशील आणि कुणी उचलला नाही, तर तुला घोर लागेल. त्यापेक्षा मी इथं बसतो. पाणी आलं तर पाय वर घेईन.”

बघा आता. मुलाला घोर लागला होता बाप खाली बसला म्हणून, आणि बाप खाली बसला होता मुलाला घोर लागू नये म्हणून. अशा गाठी मायेशिवाय कुणाला मारता येत नाहीत आणि सुटता सुटत नाहीत.

पाणक्यानं सगळं करून पाहिलं. चिडला, विनवलं, मेलेल्या आईची आठवण करून दिली. “आई असती तर तिनं तुम्हाला हाताला धरून वर नेलं असतं.”

“असती तर गेलो असतो,” बाबा म्हणाले. “तू बोलत राहा. बाहेर पाणी बोलतंय, कानात तू बोलतोयस. बरं वाटतंय.”

“बाबा, ठेवू का मी?”

“नको रे.”

इतक्या वर्षांत बाबांनी ‘ठेव’ सोडून दुसरं काही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. पाणक्यानंही नसेल ऐकलं. तो भिंतीला टेकला. त्याची नजर आमच्यावरून फिरली, एकीवरून दुसरीवर, आणि माझ्यावर थांबली. मी सगळ्यांत थकलेली होते. माझ्या पट्ट्यांचा भुगा तळाशी साचला होता. साहेबांनी मला बदलायला सांगितलं होतं, आणि “म्हातारी आहे, पण गळत नाही,” म्हणून पाणक्या ते पुढं ढकलत होता. माझ्याकडे बघता बघता त्याला काय सुचलं, ते त्याचं त्याला ठाऊक. त्याचा आवाज एकदम साधा झाला.

“बाबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. पैलवान बंद पडलाय. सगळं शहर माझ्या बरण्यांवर आहे. बरण्या संपत आल्यात.”

“मग?”

“तुमचा फोन उचललेला आहे ना, तो त्यांच्यातलंच खातोय. तुम्ही ठेवलात तर तेवढं दवाखान्याला पुरेल.”



“दवाखान्याला?”

“हो.”

“अरे मग आधी सांगायचं,” बाबा म्हणाले. ते रागावले होते, आणि थोडे ओशाळलेही. “लोकांचं अडवून मी कशाला बसू? ठेवतो. तू पण ठेव. आणि काळजी करू नकोस, मी वर आहे असं समज.”

आणि त्यांनी आधी ठेवला.

मी ते अनुभवलं. त्यांच्या लाइनीतून वाहणारी बारीकशी धार तुटली. केवढी होती ती? चिमूटभर. एका लाइनीनं दवाखान्याचं काही अडत नाही, काही सुटत नाही. हे पाणक्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. बाबांना ठाऊक नव्हतं, आणि त्या अज्ञानाचे मी आजही आभार मानते. स्वतःच्या जिवासाठी उठला नसता तो माणूस परक्यांच्या सोयीसाठी उठला.

उठला ना? हेच कुणाला माहीत नव्हतं.

पाणक्या वर गेला आणि गल्लीच्या लाइनींचे फ्यूज काढू लागला. एक ठेवला, बाबांच्या लाइनीचा. साहेबांनी बघितलं, चष्मा पुसला आणि दुसऱ्या भिंतीकडे वळून म्हणाले, “माझ्या मोजणीत ती नाही.”

संध्याकाळ झाली. एक्स्चेंजमध्ये कंदील लावले होते. मोठ्या बाई घरी गेल्या नव्हत्या, त्या टेबलाशी बसून आळीपाळीनं दवाखान्याला आणि चौकीला “आहात ना?” विचारत होत्या. पाणक्या खालीवर करत होता. आणि मग माझ्यात काहीतरी सुरू झालं.

रिसीव्हर उचलला की धार एकदम सुरू होते, नळ सोडल्यासारखी. ही तशी नव्हती. अगदी बारीक, पाझरल्यासारखी, हळूहळू वाढणारी. मला लगेच कळलं. बाबांच्या घरात पाणी भिंतीवरच्या तारेच्या जोडापर्यंत चढलं होतं आणि आमची वीज त्या पाण्यात गळत होती. पण लाइनीला हात आणि पाणी ह्यांतला फरक कळत नाही. तिनं आपलं नेहमीचं काम केलं.

“पाणके,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. “बाबांचा दिवा लागला.”

तो धावत आला. बाईंनी लाइन जोडली आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

“बाबा?”

खरखर.

“बाबा, तुम्ही खाली आहात का? उचललाय का तुम्ही?”

पुन्हा खरखर. मी ओरडून सांगितलं असतं, हा हात नाही रे, पाणी आहे. पण बाबा त्या पाण्यात आहेत की वर, ते मलाही सांगता आलं नसतं. पाणी तेवढं बोलत नाही.

पाणक्या किती तरी वेळ तसाच ऐकत राहिला. मग साहेब हळूच म्हणाले, “गळतीनं बरंच जातंय, पाणके. मी काढू का फ्यूज?”

“नको. मी काढतो.”

रिसीव्हर ठेवण्याआधी तो खरखरीला म्हणाला, “बरं बाबा, ठेवू का?” थोडा थांबला. उत्तर यायचं नव्हतं. मग त्यानं स्वतःच मान हलवली, रिसीव्हर ठेवला आणि फ्यूज ओढून काढला. मोठ्या बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तांबडा दिवा विझला.

रात्रीचं सांगत बसत नाही. माझ्यापुरतं सांगते. माळेतल्या एका बरणीतलं सगळं संपलं तरी उरलेल्या तिला सोडत नाहीत. त्यांची वीज तिच्यातून उलटी रेटली जाते आणि तिच्या पट्ट्या कायमच्या नासतात. आमच्यात त्याला ‘उलटली’ म्हणतात. पहाटेच्या सुमाराला मी उलटले. मी काही शूर नव्हते; हातात हात होते म्हणून उभी राहिले, सोडून जायची सोय नव्हती. पण तोवर बाईंच्या प्रत्येक “आहात ना?”ला दवाखान्यातून, बंबवाल्यांकडून आणि चौकीवरून “आहोत” आलं होतं. उजाडल्यावर चिखलानं माखलेला ट्रक आवारात शिरला. नवं जनित्र सुरू झालं, चार्जर पुन्हा घुरघुरू लागला. माझ्या बहिणी भरू लागल्या. मी नाही.

पाणक्या माझ्यासमोर डबा आणि नरसाळं घेऊन उभा होता. डोळे सुजलेले. चौकीनं सांगितलं होतं की गल्लीतली माणसं बोटींतून काढतायत. नावं कुणाकडे नव्हती. त्याचं लक्ष भिंतीवरच्या काळ्या फोनकडे होतं, त्यामुळे पाणी बरणीत कमी आणि फरशीवर जास्त पडत होतं.

दारात कुणीतरी खोकलं.

गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर बंबवाल्यांचं घोंगडं, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टेलिफोन. नावाडी बाबा.

“फोन लागेना,” ते म्हणाले. “म्हटलं, जाऊनच यावं.”

पाणक्याच्या हातातला डबा खाली पडला. तो लहान मुलासारखा रडला, बाबांच्या ओल्या खांद्यावर, आणि बाबा त्याच्या पाठीवर थापटत सांगत होते की बोटीवरच्या पोराला वल्हं धरता येत नव्हतं, शेवटी त्यांनीच घेतलं. आणि फोन भिजू नये म्हणून वर जाताना काढून बरोबर नेला, सरकारी वस्तू आहे. वायर मात्र भिंतीतच राहिली. म्हणजे दिवा लागला तेव्हा बाबा वर होते, वहिनींच्या शिलाई मशीनवर पाय ठेवून, सुखरूप.

मग त्यांनी आम्हाला बघितलं. इतकी वर्षं ते आमच्यातून बोलले होते, पण बघत होते पहिल्यांदा.

“ह्याच का तुझ्या बरण्या?”

“ह्याच.”

“पुरलं का दवाखान्याला?” बाबांनी अगदी चिंतेनं विचारलं. “मी लगेच ठेवला होता हो.”

पाणक्यानं नाक पुसलं. “पुरलं, बाबा. तुम्ही ठेवलात म्हणून पुरलं.”

म्हातारा इतका खूश झाला की काय सांगू. मी कशाला मध्ये बोलू?

माझं पुढं काय झालं, ते लवकर संपण्यासारखं आहे. पट्ट्या काढून भट्टीत गेल्या. तेजाब नीट निववून टाकलं. काच पाणक्यानं मागून घेतली, दहादा धुतली आणि बाबांच्या घरी नेली. ते तोवर वरच्या मजल्यावर राहायला गेले होते, फोनही वर आला होता. फोनशेजारच्या फडताळात मला ठेवलं आणि माझ्यात मेणबत्त्या, काड्यापेट्या, विजेरी, मलमपट्टीचा कापूस भरला. जीव गेला, काच राहिली. पण काम तेच, वेळेला लागायचं. गरज सरो वैद्य मरो असं जग असतं म्हणतात. माझ्या वाट्याला तसं आलं नाही.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ते खटखट करत राहिले, आणि मोठ्या बाई निवृत्त होईपर्यंत त्यांना मुलाकडे जोडत राहिल्या. त्यानंतर बाईंच्या जागेवरच्या मुलीनंही जोडलं. बाईंनी जाताना तेवढं एक काम तिच्या हवाली केलं होतं. आज ह्या घरात पाणक्या राहतो, एकटाच. फोन खिशात आला. त्यालाही कुठंतरी एका मनोऱ्याखाली बरण्या लागतात. त्यांना आता झाकणं उघडता येत नाहीत, पाणी लागत नाही, त्या माझ्या नातेवाईक आहेत एवढंच मला माहीत. वादळ आलं की त्याही संपत जातात, आणि माणसं अजूनही फोन काढून बघतात, चालू आहे का.

पाणक्याची मुलगी दूरच्या शहरात असते. ती रोज संध्याकाळी फोन करते. जेवलात का, जेवलो. पाऊस आहे का तिकडे, आहे बेताचा. मग ती म्हणते, “बरं बाबा, ठेवू का?”

“ठेव,” तो म्हणतो. आणि तिचा फोन बंद झाल्यावरही कानाशी धरून बसतो.

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, वेळेला लागेल म्हणून बाजूला ठेवलेलं. वादळात तुम्ही त्याला फोन करालच, ते सांगायला मी नको. माझं मागणं एवढंच की एखाद्या कोरड्या, रिकाम्या दुपारीही करा, काही काम नसताना.

माझं झालं. पण आधी ठेवायची ह्या घराची रीत नाही. तुम्ही म्हणा, मग मी गप्प होईन.

बरं, ठेवू का?